फ्री वीकेंडला ‘हेल लेट लूज’ खेळून मजा आली नाही, तर गेम घ्यावा का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: आधी फोनवर बीजीएमआय, मग पीसीवर काउंटर-स्ट्राइक आणि व्हॅलोरंट असा तुमचा प्रवास झाला. या वीकेंडला स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर ‘हेल लेट लूज’ हा दुसऱ्या महायुद्धावरचा, पन्नास विरुद्ध पन्नास खेळाडूंचा शूटर फुकट खेळायला मिळाला म्हणून तीन तास दिले. त्यातले दोन तास नुसते धावण्यात गेले. शत्रू एकदाही नीट दिसला नाही, गोळी कुठून आली तेही कळलं नाही. स्क्वॉडमध्ये, म्हणजे तुमच्या छोट्या तुकडीत, कुणी चकार शब्द बोललं नाही. तरीही ‘सगळे एवढं कौतुक का करतात’ हा प्रश्न डोक्यातून जात नाही, आणि सूट संपायच्या आत निर्णय घ्यायचाय.

हा गेम मी त्याच्या सुरुवातीच्या काळापासून खेळतोय. बहुतेक वेळ स्क्वॉड लीडर म्हणून, आणि नव्या लोकांना सोबत घेऊन. त्यामुळे तुमचं वर्णन मला अगदी ओळखीचं आहे. फ्री वीकेंडनंतर येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाची तक्रार हीच असते. ती खोटी नाही. पण तुम्ही जे तीन तास खेळलात त्यावरून गेमची परीक्षा झाली नाही, तुम्ही ज्या स्क्वॉडमध्ये जाऊन पडलात तिची झाली. या दोन गोष्टी वेगळ्या कशा करायच्या ते सांगतो. त्यानंतरही गेम आवडला नाही तर खुशाल सोडून द्या. तो प्रत्येकासाठी नाही आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

आधी हे दोन तास धावणं कुठून आलं ते बघू, कारण बाकीच्या सगळ्या तक्रारींचं मूळ तिथेच आहे.

या गेमचा एक नकाशा साधारण दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटरचा असतो. ‘एम’ दाबून नकाशा उघडलात तर त्यावर दहा बाय दहा चौकोन दिसतील. प्रत्येक चौकोन दोनशे मीटरचा. दोन्ही बाजूंची मुख्यालयं समोरासमोरच्या कडांना आणि खरी लढाई बहुतेकदा मधल्या पट्ट्यात. म्हणजे मुख्यालयावर स्पॉन होऊन, म्हणजे तिथे उठून, पायी निघालात तर जवळजवळ किलोमीटरभर धावायचं. त्यात चार-पाच मिनिटं सहज जातात. पोहोचल्यावर वीस सेकंदांत गोळी लागते आणि पुन्हा मुख्यालय. वॉरफेअर या मुख्य प्रकारात एक सामना दीड तासापर्यंत चालतो. तुमचे दोन तास कुठे गेले त्याचा हिशोब इथेच लागतो.

पण गेमची रचना करणाऱ्यांना हे धावणं अपेक्षितच नाही. तुम्ही मेल्यावर आघाडीच्या जवळ उठावं यासाठी दोन सोयी आहेत. एक आउटपोस्ट. तो स्क्वॉडचा ऑफिसर, म्हणजे लीडर, लावतो आणि फक्त त्याच स्क्वॉडच्या लोकांना तिथे उठता येतं. दुसरी सोय गॅरिसनची. ती अख्ख्या टीमच्या पन्नास जणांना वापरता येते. गॅरिसन ऑफिसर किंवा अख्ख्या टीमचा कमांडर बांधू शकतात, पण हवेतून नाही: आपल्या ताब्यातल्या भागात त्यासाठी पन्नास सप्लाय लागतात आणि दोन गॅरिसनमध्ये किमान दोनशे मीटर अंतर हवं. हे सप्लाय आणायचे तर कमांडरने विमानातून टाकायला हवेत, कुणीतरी ट्रक चालवत न्यायला हवा, किंवा सपोर्ट या भूमिकेतल्या खेळाडूने आपली पेटी खाली टाकायला हवी. त्या एका पेटीत बरोबर पन्नास सप्लाय असतात.

हे आकडे जुळवून बघा. एक ऑफिसर, त्याच्यासोबत एक सपोर्टवाला, आणि दोघांमध्ये ‘पेटी टाक’ एवढं एक वाक्य. इतक्यावर पन्नास जणांचं किलोमीटरभराचं धावणं दीडशे-दोनशे मीटरवर येतं. ते वाक्य कुणी बोललंच नाही तर पन्नास जण धावत राहतात. तुमच्या सामन्यात नेमकं हेच झालं असणार. नकाशावर तुमच्या बाजूला स्पॉनच्या खुणा मोजक्याच असतील, आणि ज्या होत्या त्याही शत्रू जवळ आल्यामुळे बंद पडल्या असतील. शत्रूचा माणूस शंभर मीटरच्या आत आला की गॅरिसन वापरता येत नाही, आणि तो अगदी जवळ पोहोचला तर ती पाडूनही टाकतो. त्यामुळे एकच गॅरिसन असलेली टीम ही गॅरिसन नसलेल्या टीमसारखीच असते. चांगले लीडर दोन-तीन ठिकाणी, निरनिराळ्या दिशांना आणि थोड्या मागेही बांधून ठेवतात.

आता फ्री वीकेंडला काय होतं ते लक्षात घ्या. सर्व्हरवर नवी माणसं एकदम येतात. त्यातली बरीचशी तुमच्यासारखीच, म्हणजे शूटर गेमचा हात चांगला असलेली पण या रचनेशी अनोळखी. कुणीतरी नवी स्क्वॉड उघडतं आणि आपोआप ऑफिसर होतं. त्याला ऑफिसरकडे काय काम आहे हेच माहीत नसतं, म्हणून तो गप्प राहतो. बाकीचे पाच जण त्याच्याकडे बघून गप्प राहतात. ढोल-पथकाच्या सरावाला पहिल्या दिवशी नवखे वादक एकत्र वाजवतात, ते ऐकून मिरवणुकीतल्या वादनाबद्दल मत बनवावं, तसं हे आहे. तुमचे कान बरोबर होते, आवाज खरोखरच वाईट होता. फक्त ती वेळ मिरवणुकीची नव्हती.

म्हणून तुमच्या ‘गेम घ्यावा का’ या प्रश्नाआधी मी दुसरा प्रश्न ठेवेन: बोलणारा ऑफिसर असलेल्या स्क्वॉडमध्ये एक सामना खेळून बघितलात का? नसेल, तर वीकेंड संपायच्या आत तेवढं करा. स्टीमवर साधारणपणे खरेदीपासून चौदा दिवसांत, आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. इतर गेमसाठी ते पुरतं. इथे एक सामनाच दीड तासापर्यंत जातो. म्हणजे सेटिंग लावणं आणि एक सामना एवढ्यातच मुदत संपते. हा गेम पारखायला फुकटाचे हे दोन दिवस त्या परतीच्या सोयीपेक्षा किती तरी जास्त उपयोगी आहेत.

हा एक सामना कसा खेळायचा, ते माझ्या सवयीप्रमाणे सांगतो.

सर्व्हरपासून सुरुवात करा. ‘क्विक प्ले’सारखं बटण दाबून जिथे नेईल तिथे जाऊ नका, सर्व्हरची यादी उघडा. काउंटर-स्ट्राइक आणि व्हॅलोरंटला मुंबईचे सर्व्हर असल्यामुळे आपल्याकडच्या खेळाडूंना कमी पिंगची, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या कमी मिलिसेकंदांची, सवय असते. इथे बहुतेक चांगले सर्व्हर खेळाडूंचे गट स्वतः भाड्याने घेऊन चालवतात, आणि त्यातले बरेच युरोपातले आहेत. यादीत पिंग दिसतो, त्यावर क्रम लावा. माझ्या अनुभवात दीडशेच्या आत असेल तर पायदळात नीट खेळता येतं, कारण इथे कोपऱ्यावर समोरासमोर येऊन कुणाचं बोट आधी हललं यावर फार कमी चकमकी ठरतात. दोनशेच्या वर गेलं की दार उघडताना आणि जवळच्या झटापटीत त्रास व्हायला लागतो. तुमचं घर, तुमची इंटरनेट कंपनी आणि रात्रीची वेळ यावर हे खूप अवलंबून आहे. वायफायऐवजी केबल लावता आली तर लावा.

वेळेचंही एक गणित आहे. मध्य युरोप आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असतो. तिथले लोक जेवणं आटोपून रात्री आठला खेळायला बसतात तेव्हा आपल्याकडे साडेअकरा किंवा साडेबारा वाजलेले असतात. दुपारी दोनला खेळलात तर ते सर्व्हर अर्धवट भरलेले किंवा रिकामे मिळतील, आणि शंभर माणसांसाठी बनवलेल्या नकाशावर तीस माणसं म्हणजे पुन्हा ओसाड शेतातून धावणं. तुमचे तीन तास दुपारचे होते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर एक रात्रीचा सामना खेळून बघा. ज्या सर्व्हरला रांग लागलेली आहे, त्या रांगेत दहा मिनिटं उभं राहणं मी पसंत करतो. रांग आहे याचा अर्थ लोक मुद्दाम तिथे परत येतात. अशा बऱ्याच सर्व्हरवर माइक नसलेल्या ऑफिसरला काढून टाकायचा नियम असतो, आणि नव्या माणसाच्या दृष्टीने याहून चांगला नियम नाही.

सामन्यात शिरल्यावर दिसेल त्या पहिल्या स्क्वॉडमध्ये जाऊ नका. पायदळाच्या स्क्वॉडमध्ये सहा जण मावतात. चार-पाच जण आधीच असलेली एखादी निवडा, आत जा आणि माइकवर एकच वाक्य बोला: मी नवा आहे, काय करू? साध्या इंग्रजीत बोलला तरी चालतं, उच्चारांची काळजी करू नका. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं तर थांबा. नाही आलं तर बाहेर पडा आणि दुसरी बघा. स्क्वॉड बदलण्यात कुणाचा अपमान होत नाही. मी स्वतः नव्या माणसाला घेऊन खेळतो तेव्हा पहिली पाच मिनिटं योग्य स्क्वॉड शोधण्यातच घालवतो, आणि ती कधीच वाया जात नाहीत.

भूमिका निवडताना तुमचा हात आपोआप स्नायपरकडे किंवा मशिनगनकडे जाईल. एक सामना तो मोह आवरा आणि सपोर्ट घ्या. याचं कारण वर आलंच आहे: तुमच्या पाठीवरची पेटी ही त्या स्क्वॉडची सर्वांत मोलाची वस्तू आहे. ऑफिसरपासून वीस-तीस मीटरवर राहा, तो जमिनीवर आडवा झाला की आडवे व्हा, तो धावला की धावा, आणि त्याने सांगितलं की पेटी टाका. मग ‘एम’ दाबून बघा. तुमच्या पेटीतून उभ्या राहिलेल्या गॅरिसनवर अनोळखी माणसं उठायला लागतील आणि ज्या गावासाठी अर्धा तास झुंज चालली होती तिथे तुमची बाजू हळूहळू पुढे सरकेल. ज्यांना हे बघून आतून बरं वाटतं, ती माणसं हा गेम वर्षानुवर्षं खेळतात. ज्यांना काहीच वाटत नाही, त्यांच्यासाठी हा गेम नाही असं मी मोकळेपणाने सांगतो. माझ्या मते खरी कसोटी हीच आहे. तुम्ही किती मारले हे इथे जवळजवळ गौण आहे.

धावफलकावरचे गुण बघायची सवय असेल तर सामन्याच्या शेवटी येणारा तक्ता नीट वाचा. त्यात लढाई, चढाई, बचाव आणि साहाय्य असे चार वेगळे रकाने असतात. आमच्या गटातल्या उत्तम खेळाडूंपैकी काहींचे मारलेले शत्रू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात, पण बचाव आणि साहाय्याचे आकडे भले मोठे. पहिल्या सामन्यात तुमचा साहाय्याचा रकाना वर आला, तर तुम्ही चांगलं खेळलात.

आता ‘शत्रू दिसतच नाही’ या तक्रारीकडे येतो, कारण ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कौशल्य असूनही हताश व्हायला होतं ते इथेच.

काउंटर-स्ट्राइकमध्ये तुम्ही वर्षानुवर्षं शिकलात ते असं: पडद्याच्या मध्यावर नेमाची खूण म्हणजे क्रॉसहेअर, कोपऱ्यात छोटा नकाशा, कुणी कुणाला मारलं त्याची वर यादी, आणि माणूस कुठून येणार ते आठ-दहा ठरलेले कोपरे. ‘हेल लेट लूज’ने हे सगळं मुद्दाम काढून टाकलंय. क्रॉसहेअर नाही, कोपऱ्यातला नकाशा नाही. गोळी लागली की नाही याची खूण येत नाही, माणूस मेला याची सूचना येत नाही, आणि तुम्ही मेल्यावर मारणाऱ्याच्या नजरेतून काही दाखवलं जात नाही. एक-दोन गोळ्यांत माणूस पडतो. म्हणजे माहिती मिळवण्याची जी साधनं तुमच्या डोळ्यांच्या सवयीची होती ती सगळी गेली, आणि त्यांच्या जागी कान आले.

चांगले हेडफोन लावा आणि दोन गोष्टी ऐकायला शिका. गोळी तुमच्या जवळून जाते तेव्हा एक कोरडा तडाका ऐकू येतो, आणि बंदुकीचा आवाज त्याच्या क्षणभर मागून येतो. पहिला आवाज सांगतो की तुमच्यावर नेम आहे, दुसरा सांगतो कुठून. नवा माणूस पहिला आवाज ऐकून उभ्या उभ्या इकडेतिकडे बघतो आणि मरतो. जुना माणूस आधी आडोसा धरतो आणि मग दुसऱ्या आवाजाची दिशा सांगतो. दुसरी गोष्ट म्हणजे शस्त्रांची ओळख. जर्मन एमजी ४२ खऱ्या युद्धातही मिनिटाला बाराशेच्या आसपास गोळ्या झाडायची, तिचा आवाज कापड टरकावल्यासारखा सलग येतो. अमेरिकन एम१ गॅरँडमध्ये आठ गोळ्या असतात आणि आठवी सुटली की क्लिप बाहेर उडताना एक खणखणीत आवाज होतो. जर्मन कार ९८के मध्ये पाच गोळ्या, आणि प्रत्येक गोळीनंतर बोल्ट ओढावा लागतो. झुडपापलीकडे कोण आहे, मित्र की शत्रू, आणि त्याची बंदूक रिकामी झालीय का, हे यातून कळतं. मित्रावर झाडलेली गोळीही इथे लागते, म्हणून ओळख पटेपर्यंत बोट आवरणं गरजेचं. आपल्या माणसाच्या डोक्यावर निळी खूण येते, पण ती यायला क्षणभर लागतो.

तुम्ही लिहिलंय की नकाशा बर्फाचा होता, मोकळी शेतं आणि मध्ये एक गाव. तो फॉय असणार. बेल्जियममध्ये बास्तोन्यजवळचं गाव, डिसेंबर १९४४ आणि जानेवारी १९४५ मधल्या लढाईतलं. पांढऱ्या शेतावर गडद गणवेशातला माणूस चारशे मीटरवरून दिसतो, म्हणून फॉयमध्ये सरळ गावाकडे धावणारा माणूस हमखास मरतो. तिथे झाडांच्या रांगांमधून वळसा घ्यायचा, नाहीतर कुणीतरी धुराचे गोळे टाकेपर्यंत थांबायचं. नवख्याने पहिल्यांदा फॉय खेळावा असं मी कधीच सुचवणार नाही, तुमच्या वाट्याला तो आला हे खरोखरच नशीब. कारांतां मिळाला तर बघा. रस्ते, घरं, खिडक्या, म्हणजे तुमच्या जुन्या सवयी तिथे बऱ्यापैकी उपयोगी पडतात. सेंत-मारी-द्यु-माँ हा नॉर्मंडीतला नकाशा तर शिकण्यासाठी मला सर्वांत आवडतो. उंच बांधांच्या कुंपणांनी वेढलेली छोटी छोटी शेतं, त्यामुळे प्रत्येक शेत ही एक वेगळी छोटी लढाई होते आणि आडोसा कायम हाताशी असतो. हे नकाशे त्या काळात विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून बांधलेले आहेत. इतिहासाची आवड असेल तर सामना संपल्यावर खऱ्या लढाईचा नकाशा शेजारी ठेवून बघा, चर्च आणि रस्त्यांची वळणं ओळखू येतात.

आपल्या दृष्टीने एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. उत्तर आफ्रिकेतले एल अलामेन आणि टोब्रुक हे नकाशेही या गेममध्ये आहेत, आणि तिथे दोस्त राष्ट्रांच्या बाजूला ब्रिटिशांची आठवी सेना असते. २० जून १९४२ ला टोब्रुकवर जर्मनांचा निर्णायक हल्ला झाला तेव्हा आग्नेयेकडच्या तटबंदीवर ११ व्या भारतीय ब्रिगेडमधली मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन होती. दुसऱ्या दिवशी टोब्रुक पडलं आणि हजारो सैनिक कैद झाले. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या अनेक घरांतली माणसं त्या पलटणीत होती. गेममध्ये आपले सैनिक दिसत नाहीत याची मला मनापासून खंत आहे. पण तो वाळूचा पट्टा आणि ते खंदक बघितल्यावर, तिथे उन्हात उभं राहून रणगाड्यांची वाट बघणं म्हणजे काय, याची थोडी कल्पना येते.

परत सामन्याकडे. तुम्ही पडल्यावर दर वेळी कुणी उठवायची वाट न बघता लगेच ‘गिव्ह अप’ केलंत असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. फोनवरच्या गेममधून ही घाई येते. या गेममध्ये तुम्हाला उठवू शकतो तो फक्त मेडिक. तो जवळपास असेल तर अर्धा मिनिट थांबणं फायद्याचं, कारण तुम्ही जिथे पडलात तिथेच उठता आणि पुढचं धावणं वाचतं. आणि नुसती जखम होऊन रक्त वाहत असेल तर स्वतःला पट्टी बांधायला विसरू नका. नवे खेळाडू लढायच्या भरात पट्टी न बांधताच कोसळतात आणि गोळी कुणी मारली ते शोधत बसतात.

रणगाडा, तोफखाना आणि कमांडरची जागा यांकडे पहिल्या सामन्यात वळूच नका. रणगाड्यात तीन जण लागतात, चालक, तोफवाला आणि कमांडर, आणि तिघांचं बोलणं जमलं नाही तर तो दहा मिनिटांत जळतो. टीमच्या कमांडरची खुर्ची रिकामी दिसली तरी घेऊ नका. पन्नास जणांच्या मनुष्यबळ, दारूगोळा आणि इंधनाचा हिशोब त्याच्याकडे असतो, आणि नवा माणूस तिथे बसला की सगळ्या टीमचा सामना जातो.

मशीनबद्दल थोडक्यात. तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे आठ जीबी रॅम आहे आणि गेम अडखळत होता. शंभर माणसं आणि एवढा नकाशा आठ जीबीमध्ये मावत नाही, सोळा करा. तेवढ्याने अडखळणं बरंच कमी होतं, ग्राफिक्स कार्ड बदलण्याच्या आधी हे करून बघा. गेम एसएसडीवर ठेवा. सावल्या आणि इफेक्ट्स खाली आणा, पण दूरचं दिसण्याची सेटिंग शक्य तेवढी वर ठेवा, कारण इथे लांबचा ठिपकाच जीव घेतो. रॅम वाढवायला आत्ता पैसे नसतील, तर मी गेमही आत्ता घेणार नाही. उन्हाळी आणि हिवाळी सेलमध्ये असे गेम बहुतेकदा पुन्हा सवलतीत येतात, घाईचं कारण नाही.

मग घ्यावा का? हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या तुमच्या तुम्हालाच माहीत आहेत. एका बैठकीत सलग दीड-दोन तास देता येतात का. हॉस्टेलवर राहत असाल आणि मध्येच उठावं लागत असेल तर हा गेम सतत अर्धवट राहील. दुसरं, माइकवर अनोळखी माणसांशी बोलायची तयारी आहे का. लाज वाटते म्हणून गप्प राहायचं असेल तर या गेममधला अर्धा आनंद तुम्ही न घेताच पैसे दिलेत. ही लाज मात्र दोन-चार सामन्यांत जाते, असं मी अनेकांच्या बाबतीत बघितलंय. तिसरं, रात्री अकरानंतर खेळणं जमतं का.

या तिन्हींना ‘हो’ असेल आणि सपोर्ट घेऊन खेळलेल्या त्या एका सामन्यात तुम्हाला वेळेचं भान राहिलं नसेल, तर घ्या. पहिल्या दोनला ‘नाही’ असेल तर काउंटर-स्ट्राइकमध्येच राहा. तो उत्तम गेम आहे आणि त्याचा सामना साधारण अर्ध्या-पाऊण तासात पुरा होतो. मधलीच अवस्था असेल, म्हणजे सामना आवडला पण वेळेचं नक्की सांगता येत नाही, तर सूट जाऊ द्या आणि पुढच्या फ्री वीकेंडची वाट बघा. २०२१ मध्ये पूर्ण स्वरूपात आलेला हा गेम अजूनही भरलेल्या सर्व्हरवर चालतो, तो काही लगेच कुठे जात नाही.

रविवारी रात्री एक सामना खेळलात तर मला एवढंच कळवा: सर्व्हरचा पिंग किती होता, नकाशा कोणता होता, आणि सामन्याच्या मध्यावर ‘एम’ दाबलंत तेव्हा तुमच्या बाजूला किती गॅरिसन दिसल्या. या तीन उत्तरांवरून तुमचा अनुभव गेमचा होता की त्या टीमचा, ते मी बऱ्यापैकी खात्रीने सांगू शकेन.